बारा नंबरची डायरी

ताईंनी उभं आयुष्य परक्यांचे दात कापण्यात घालवलं होतं. ते दात स्वतःच्या तोंडात घालून एकवीस दिवस वावरायची वेळ मात्र त्यांच्यावर चोपन्नाव्या वर्षी आली.

दातांवर संशोधन करणाऱ्या एका प्रयोगशाळेत त्या कामाला होत्या. तळमजल्यावर, जिन्याच्या मागच्या बोळातली शेवटची खोली त्यांची. दवाखान्यांतून उपटलेले दात औषधी पाण्याच्या बरण्यांतून त्यांच्याकडे यायचे. ते धुवायचे, तपासायचे, पाण्याखाली फिरणाऱ्या हिऱ्याच्या चकतीवर धरून नखाएवढे चौकोनी तुकडे पाडायचे, घासून आरशासारखे करायचे. मग आम्लात ठेवून त्यांना मुद्दाम कीड लावायची. "लोक कीड काढायला पैसे देतात, आमच्या ताईंना कीड लावायचा पगार मिळतो," ही डॉक्टरांची जुनी थट्टा. ताई प्रत्येक वेळी नव्याने ऐकल्यासारख्या हसत.

डॉक्टर म्हणजे तिथल्या मुख्य बाई. ताईंपेक्षा बारा वर्षांनी लहान, पण डोकं तल्लख आणि पायाला भिंगरी. त्यांच्या साऱ्या धडपडीचं मूळ एकच होतं. कीड लागते तेव्हा दात वरून धडधाकट दिसतो. फार तर खडूसारखा एक पांढरा डाग. आतून मात्र क्षार निघून गेलेले असतात आणि दात भुसभुशीत झालेला असतो. इथवरच असेल तर फ्लोराइड लावून दात पुन्हा भरून येऊ शकतो, कारण लाळेतले क्षार आत जाऊन बसतात. पण फ्लोराइड जोरकस असेल तर ते वरचा थर चटकन बंद करून टाकतं. दार लागतं आणि आतलं घर रिकामंच राहतं. डॉक्टरांनी एक सौम्य औषध बनवलं होतं, हळूहळू झिरपणारं. ते आतपर्यंत पोचतं का, हे खऱ्या माणसाच्या तोंडातच बघायला हवं होतं.

त्यासाठी बारा माणसं निवडली. प्रत्येकाच्या टाळूला बसेल अशी गुलाबी प्लेट केली आणि तिच्यात किडवलेल्या दाताचे चार तुकडे बसवले. एकवीस दिवस ती तोंडात ठेवायची. खाताना आणि दात घासताना तेवढी काढायची, ओल्या कापडात गुंडाळून डबीत ठेवायची, सकाळ-संध्याकाळ तुकड्यांवर औषधाचे दोन थेंब सोडायचे. सोबत एक डायरी. काढली किती वाजता, बसवली किती वाजता, कारण काय. शेवटचा रकाना साक्षीदाराच्या सहीचा, घरातल्या कोणाच्या तरी.

बारावी एक शाळामास्तरीण होती. तिसऱ्याच दिवशी ती प्लेट परत घेऊन आली. "मी 'शांत बसा' म्हणते आणि पोरं पोट धरून हसतात," ती म्हणाली, "हे मला झेपायचं नाही."

अकरा माणसांवर अभ्यास उभा राहत नव्हता. बारा म्हणजे बारा, असं परवानगीच्या कागदावरच लिहिलेलं. डॉक्टर जिन्यात डोकं धरून बसल्या होत्या. ताईंनी त्यांच्यापुढे पाण्याचा ग्लास धरला आणि हळूच म्हणाल्या, "माझं तोंड चालेल का?"

डॉक्टरांनी वर विचारून ते नियमात बसवून घेतलं. अट एकच होती. या फेरीतले तुकडे ताईंनी मोजायचे नाहीत. ते काम दुसऱ्या विभागातला माणूस करील.

ताईंचं घर दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. आई जाऊन चार वर्षं झाली होती. आईची कवळी रात्री ज्या काचेच्या पेल्यात असायची तो पेला अजून मोरीवरच्या फळीवर होता. पहिल्या दिवशी जेवायला बसताना ताईंनी प्लेट काढली, डबीत ठेवली, घड्याळात पाहिलं आणि जेवल्या. बारा मिनिटं लागली. आपण इतक्या लवकर जेवतो हे त्यांना तोवर ठाऊक नव्हतं. पूर्वी आईला भरवताना तास जायचा.

आई म्हणायची, घेतला वसा टाकायचा नाही. ताईंनी आजवर असे बरेच नेम धरले होते आणि एकही मोडला नव्हता. पहाटे उठून देवापुढे हात जोडायचे. दिवसातून एकदा तरी कोणाच्या उपयोगी पडायचं. कोणाला टाकून बोलायचं नाही. शेवटचा नेम अलीकडे फार सोपा झाला होता. टाकून बोलायला समोर कोणी तर हवं! प्लेट त्यांनी त्याच मालिकेत ओवली. सकाळी सात मिनिटं, दुपारी बारा, संध्याकाळी अकरा, दोनदा दात घासायला चार-चार. दिवसाला अडतीस मिनिटं. कापायच्या खोलीत पाण्याचं यंत्र घरघरत असे. तिथे गप्पा मारायला कोणी येत नसे, आणि आलंच तर मान हलवून भागायचं. घरी तर मान हलवायचीही गरज नव्हती.

दुसऱ्या रविवारी भावाचा फोन आला. ताईंनी प्लेटसकट उचलला.

"हं, बोल ले," त्या म्हणाल्या. जीभ जड झालेली.

"जेवतेयस का? जेव, जेव. मी मागाहून करतो."

"नाही ले, ऐक तल..."

पण फोन ठेवला गेला होता. मागाहून म्हणजे कधी, हे भावाला विचारायची सोय नव्हती. ताईंनी डायरीत त्या वेळेपुढे काही लिहिलं नाही. प्लेट तोंडातच होती, मग लिहिणार काय? साक्षीदाराचा रकानाही एकवीस दिवस कोरा राहिला. खोटी सही करायची नाही आणि खरी करणारं कोणी नाही.

महिन्याभराने आकडे आले.

ते आणणाऱ्या गृहस्थांना सगळे आकडेवाले म्हणत. पोटाने जाड, शर्टाच्या खिशात चार पेनं, आणि बोलणं असं की समोरच्याला हसायलाच हवं. त्यांना माणसांची नावं सांगितलेली नसत, फक्त नंबर. डॉक्टरांच्या टेबलावर त्यांनी कागद पसरले. ताई कोपऱ्यातल्या कपाटात बरण्या लावत होत्या.

"अकरा जणांचं ठीक आहे," आकडेवाले म्हणाले. "कोणाचे तुकडे थोडे घट्ट झालेत, कोणाचे जरा जास्त. पण हा बारा नंबर बघा. सगळ्यांच्या दुप्पट! हिऱ्याची सुई रुतता रुतत नाही. आणि डायरी बघाल तर कहरच. बाकीची माणसं दिवसाला चार-पाच तास प्लेट बाहेर ठेवतात. बायकोशी भांडायचं असतं, पोरांना ओरडायचं असतं, कोणाचं लग्न, कोणाचं बारसं. हा प्राणी रोज अडतीस मिनिटं! एकवीस दिवस! अहो, हा माणूस आहे की भिंतीवरचा फोटो?"

डॉक्टर हसल्या नाहीत. ताईंच्या हातातली बरणी फळीवर टेकली तेव्हा तिच्यातले दात एकमेकांवर आपटून वाजले.

"माझ्या मते," आकडेवाले पुढे म्हणाले, "याने शेवटच्या दिवशी एका बैठकीत डायरी भरलीय, आणि तुकडे ठेवलेत कुठल्या तरी जालीम फ्लोराइडच्या वाटीत भिजत. साक्षीदार तर नाहीच. वगळा याला."

ते गेल्यावर डॉक्टरांनी दार लोटून घेतलं. पेन उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"ताई, बसा. रागावू नका. तुम्ही डायरी रोजच्या रोज भरलीत?"

"हो."

"कधीतरी विसरून..."

"नाही विसरले."

"तसं नाही हो. तुमच्यावर माझा विश्वास आहे. पण कागदावर हे कोणाला पटणार नाही. एक सुचवू? काही दिवस दोन-तीन तास बाहेर होती असं लिहा. पाहुणे आले होते, गप्पा झाल्या, असं काहीतरी. घरोघरी तेच असतं. मग आकडा शोभून दिसेल, वगळायची पाळी येणार नाही. तुम्हाला वगळलं तर बारा राहत नाहीत, आणि दोन वर्षं पाण्यात जातात."

ताईंनी मांडीवरचा रुमाल घडी करून पुन्हा उलगडला. एवढ्या वर्षांत त्यांच्या कामावर कोणी बोट ठेवलं नव्हतं. आज खऱ्याला खरं म्हणवून घ्यायचं तर खोटं लिहा, असं सांगितलं जात होतं. आणि खोटंही कसलं? तर घरात पाहुणे होते.

"कोणी आलं नव्हतं, डॉक्टर," त्या म्हणाल्या. "आलेलं नसताना कसं लिहू?"

"मग माझा नाइलाज आहे."

ताई उठल्या आणि दारापर्यंत जाऊन वळल्या. त्यांचा आवाज कधी चढत नसे, तो याही वेळी चढला नाही.

"तुकडे कापून बघा. जालीम फ्लोराइडमध्ये भिजवले असतील तर वरची साल तेवढी घट्ट असेल आणि आत पोकळ. हजार वेळा बघितलंय मी. तोंडात राहिले असतील तर आतून भरले असतील. पण मी नाही कापणार. तुम्ही कापा."

डॉक्टरांनी कापायचं काम सोडून दहा वर्षं झाली होती. दुपारी त्या जिन्यामागच्या खोलीत आल्या, चष्मा लावला, पहिला तुकडा चकतीपुढे धरला. ताई भिंतीला टेकून हाताची घडी घालून उभ्या राहिल्या. डॉक्टरांनी जोर जास्त दिला. कट्ट आवाज आला आणि तुकड्याच्या ठिकऱ्या झाल्या.

"अरे देवा!"

"तीन आहेत अजून," ताई म्हणाल्या.

दुसराही अर्ध्यात गेला. आता ताईंना राहवेना. त्यांची बोटं आपसूक हलत होती. पाणी थोडं वाढवा, मनगट टेकवा, चकतीला काम करू द्या, तुम्ही ढकलू नका. सगळं ओठांशी आलं होतं. पण त्यांनी एक शब्द जरी सांगितला तरी उद्या कोणी म्हणेल, शिकवून कापून घेतलं. त्या दाराबाहेर जाऊन बोळात उभ्या राहिल्या. यंत्राचा आवाज ऐकत राहिल्या. त्यांनी देवाला काही मागितलं नाही. खरं खोटं त्याला माहीत होतंच. प्रश्न डॉक्टरांच्या हाताचा होता.

तिसऱ्या तुकड्याला आवाज एकसारखा आला. सूंऽऽ करत बारीक होत गेला आणि थांबला.

बऱ्याच वेळाने आतून हाक आली. डॉक्टर सूक्ष्मदर्शकावरून उठल्या आणि त्यांनी ताईंना खुर्ची दिली. ताईंनी डोळा लावला. किडीचा भाग नेहमी काळपट दिसायचा, कोणीतरी आतून पोखरून नेल्यासारखा. इथे वरपासून तळापर्यंत दुधी उजेड होता. एखादी पुसट रेघ तेवढी राहिली होती. इतका भरून आलेला दात ताईंनीही कधी पाहिला नव्हता.

"आतपर्यंत गेलंय," डॉक्टर मागून म्हणाल्या. "मी दोन वर्षं औषध बदलतेय, कमी-जास्त करतेय. औषध बरोबरच होतं. त्याला वेळ मिळत नव्हता. लाळेला शांतपणे काम करायला वेळच मिळत नव्हता." मग त्यांचा आवाज जरा बदलला. "ताई, एकवीस दिवस तुम्ही कोणाशीच बोलला नाहीत?"

"भावाचा फोन आला होता." ताईंनी डोळा काढला नाही. "त्याला वाटलं, मी जेवतेय."

 डॉक्टरांनी ताईंच्या खांद्यावर हात ठेवला. ताईंना ते इतकं अनपेक्षित होतं की खांदा आक्रसला, आणि डॉक्टरांना वाटलं आवडलं नाही. हात निघून गेला.

संध्याकाळी आकडेवाल्यांनी तो काप पाहिला, पुन्हा पाहिला. "मानलं बुवा," ते म्हणाले. "बारा नंबर राहू दे. पण हे औषध लोकांना द्यायचं तर दिवसाला अडतीस मिनिटं तोंड उघडणारी माणसं आणायची कुठून?"

"प्रत्येकाचा रोजचा एक वेळ तरी गप्प असतो," ताई बरण्यांची झाकणं लावत म्हणाल्या. "झोपेचा. झोपताना लावायचं करा."

आकडेवाल्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग टेबलावरच्या डायरीतल्या अक्षराकडे. मग कपाटातल्या बरण्यांवर चिकटवलेल्या चिठ्ठ्यांवरच्या अक्षराकडे. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "ताई, तो फोटोचा विनोद..."

"चांगला होता," ताई म्हणाल्या.

दुसरी फेरी ठरली. औषध झोपताना लावायचं. शिवाय दिवसभरात प्लेट किती बाहेर राहिली तर काय फरक पडतो, तेही मोजायचं. बारा नंबर हवाच होता. डॉक्टरांनी नवी डायरी दिली आणि शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं. "यावेळी हा कोरा चालणार नाही. साक्षीदाराने रोज संध्याकाळी प्लेट तोंडात बघायची आणि सही करायची. कोणीही चालेल, ताई. शेजारीपाजारी."

ताईंच्या समोरच्या दारात एक काकू राहायच्या, सत्तरीच्या. कपडे लहानमोठे करून द्यायच्या. चार वर्षांत दोघींची ओळख म्हणजे शिवणयंत्राचा आवाज आणि दाराबाहेरच्या चपला. आईच्या शेवटच्या आजारपणात काकू एकदा येऊन दारात उभ्या राहिल्या होत्या. ताईंनी तेव्हा कोणालाच आत घेतलं नव्हतं.

पहिल्या संध्याकाळी सात वाजता ताईंनी दार वाजवलं. साखळी न काढता काकूंनी फटीतून पाहिलं.

"काय हवंय?"

"थही," ताई म्हणाल्या. प्लेट त्यांनी मुद्दाम काढली नव्हती. काकूंना ती तोंडात बघायची होती.

"सही? मी कशावर सही करत नाही. माझ्या नणदेने एकदा केली, राहतं घर गेलं."

ताईंनी डायरी फटीतून आत सरकवली. आत गळ्यात टेप अडकवलेल्या काकू उभ्याच सगळा कागद वाचत होत्या, ओठ हलवत. साखळी निघाली. शिवणाचा चष्मा लावून काकू दिव्याखाली आल्या. "आ करा. मोठा. जीभ खाली." त्यांनी टाचणी शोधावी तसं तोंडात पाहिलं. "आहे," त्या म्हणाल्या आणि सही केली. दार बंद झालं. ताई जिन्याच्या चौकात उभ्या राहिल्या. जबडा अजून उघडाच होता.

पाच संध्याकाळी तेवढंच झालं. आ करा, आहे, सही, दार. ताई घरी येत, जेवत, अकरा मिनिटांत. सहाव्या दिवशी सही करता करता काकूंचं पेन थांबलं.

"हे दात कोणाचे हो?"

ताईंनी खांदे उडवले.

"म्हणजे तुम्हालाही माहीत नाही? परक्याचे दात तोंडात घेऊन फिरता? मरू दे ते. तुमच्या आईच्या वेळी मी आले होते, आठवतं? पातेलं घेऊन आले होते. तुम्ही दार लावून घेतलंत. मी म्हटलं, बाई मोठी गर्विष्ठ दिसते. चार वर्षं मी रोज तुमच्या चपला बघते, गेली, आली. मनात म्हणते, विचारावं का? मग म्हणते, आपल्याला काय करायचंय. आता सांगा, दार का लावलंत?"

ताईंनी मान हलवली, आधी आडवी, मग उभी. यावर मान हलवून भागण्यासारखं नव्हतं. प्लेट टाळूला होती, औषध सौम्य होतं, आणि आतपर्यंत जायला त्याला वेळ हवा होता हे जगात त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. काकू पेन हातात घेऊन वाट पाहत होत्या. मागे शिवणयंत्रावर कोणाची तरी बाही अर्धवट लटकत होती.

ताईंनी खिशातून डबी काढली. पाठ वळवून प्लेट काढली, ओल्या कापडात गुंडाळली, झाकण लावलं. भिंतीवरच्या घड्याळात पाहिलं. सात वाजून दहा मिनिटं.

"मी कोणाला आत घेतलं असतं ना," त्या म्हणाल्या, आणि स्वतःचा स्वच्छ आवाज ऐकून जराशा दचकल्या, "तर मला रडू आलं असतं. आणि आईला कळलं असतं की ती जाणार आहे."

 काकूंनी खुर्चीवरचे कपडे उचलून पलंगावर टाकले आणि खुर्ची पुढे ओढली.

घरी आल्यावर ताईंनी प्लेट धुतली आणि टाळूला बसवली. दिवा लावून डायरी उघडली. वेळा लिहिल्या, सात दहा ते सात बावन्न. आजवर कारणाच्या रकान्यात त्यांनी दोनच गोष्टी लिहिल्या होत्या, जेवण आणि दात घासणं. पेन थोडा वेळ कागदावर अधांतरी राहिलं. बेचाळीस मिनिटं. आजचा आकडा ऐंशीवर जाणार होता, आणि हे असंच चाललं तर या फेरीत बारा नंबरचे तुकडे आकडेवाल्यांना दुप्पट सापडणार नव्हते. त्यांनी बेरीज पुन्हा केली. बरोबर होती.

मग त्यांनी नेहमीच्या स्वच्छ अक्षरात रकाना भरला. बोलणं.

समोरच्या दारामागे शिवणयंत्र सुरू झालं. राहिलेली बाही असणार. ताई दिवा न मालवता ते थांबेपर्यंत बसून राहिल्या.